दिवा पेटलेला, पण काच धूसर

(मननासाठी शास्त्रपाठ: मत्तय 6:22, 23, मलाखी 3:2, 3)



गेल्या नाताळाच्या अगोदरच्या आठवड्यात नवापूरच्या बाजूला एका घरगुती प्रार्थनासभेत वचन सांगण्याचे आमंत्रण मला आले. विषय मीच निवडला होता: प्रकाश. सभा चांगली झाली. लोकांनी मन लावून ऐकले, यजमानांनी आग्रहाने जेवू घातले, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास मी व माझी पत्नी आमच्या जुन्या मोटारीतून सुरतेस परत निघालो. बरोबर आमच्या मंडळीतील एक वृद्ध बहीण होत्या. त्यांना त्यांच्या मुलीकडे सोडायचे म्हणून बारडोलीच्या अलीकडे आम्ही हमरस्ता सोडून आतल्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, वर धुके, आणि आमच्या मोटारीचे दिवे म्हणजे जणू दोन पिवळट मेणबत्त्या.

"अहो, थांबा!" असे पत्नी ओरडली तेव्हा मला पुढे काहीच दिसत नव्हते. मी ब्रेक दाबला. मोटार थांबली तेव्हा उसाने भरलेली एक बैलगाडी आमच्यापासून जेमतेम तीन हातांवर उभी होती. गाडीला कंदील नव्हता. उसाच्या मोळ्यांवर एक बाई पोराला छातीशी धरून बसली होती. गाडीवान खाली उतरून आला. तो आपल्या खानदेशातलाच, तोडणीच्या टोळीबरोबर आलेला. तो रागावला नाही. आमच्या मोटारीकडे पाहत त्याने अहिराणीत एवढेच विचारले, "भाऊ, आमी तुमले दिसनूत नही का?"

दोन तासांपूर्वी प्रकाशावर बोलून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला गेला, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता खरे सांगतो. दिवे मंद झाले आहेत हे मला सहा महिन्यांपासून ठाऊक होते, आणि मी उपायही केला होता. नेहमीच्या 60/55 वॉटच्या बल्बाऐवजी मी 100/90 वॉटचा बल्ब बसवून घेतला होता. तो कायद्याने चालत नाही, हेही मला माहीत होते. पण दोष बल्बात नव्हताच. दोष त्याच्यासमोरच्या काचेत होता. ती धूसर, पिवळी झाली होती. अशा काचेतून प्रकाश सरळ रस्त्यावर पडत नाही, तो चहूकडे विखुरतो. त्यामुळे गाडी हाकणाऱ्याला पुढचे दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. मी बल्ब वाढवला तो दुसऱ्याला आंधळे करण्यासाठीच वाढवला म्हणायचा. धार्मिक माणसांची पुष्कळदा हीच गत होते. आतले तेज कमी पडते असे समजून आपण सभा वाढवतो, उपास वाढवतो, आवाज चढवतो. आणि शेजारी फक्त डोळे चोळत बाजूला होतो.

मी "काच" म्हणतो, पण ती काच नव्हे. ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या दिव्यांना खरी काच असे. ती दगड लागून फुटे, पण पिवळी पडत नसे. आजच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. ते 1953 साली जर्मनीत आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे तयार झाले. वजनाला हलके आणि फुटायला कठीण, परंतु मऊ, लगेच ओरखडे धरणारे, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपुढे दुबळे. म्हणून कारखान्यातच त्याच्यावर एक पातळ कठीण लेप चढवतात. उन्हाने आणि धुळीने तो लेप वर्षानुवर्षे झिजतो, आणि मग खालचे प्लास्टिक पिवळे पडू लागते. आमची मोटार उधन्यात दहा-अकरा वर्षे उघड्यावर उभी राहते. एका रात्रीत काहीच घडले नाही. रोज थोडेथोडे झाले, म्हणून ते दिसले नाही. 2018 साली अमेरिकेतील मोटारचालकांच्या एका मोठ्या संघटनेने अशा दिव्यांची तपासणी केली, तेव्हा अगदी पिवळ्या पडलेल्या दिव्यातून नव्या दिव्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकाच प्रकाश बाहेर पडत होता. चार हिस्से आतच राहिले! बल्ब मात्र पूर्ण जळत होता.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने डोळ्याविषयी जे सांगितले, ते मी अनेकदा शिकवले आहे: शरीराला उजेड मिळतो तो डोळ्यावाटे, आणि डोळाच सदोष असेल तर आत अंधार. त्याच्या मागचीपुढची वचने पैशाविषयी आहेत, हे मात्र मी घाईने सोडून देत असे. नवे दिवे बसवायला जो खर्च येणार होता, तो मी सहा महिने पुढे ढकलत होतो. कारण तेवढेच होते.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सौराष्ट्रातले एक गृहस्थ राहतात. वराछ्याच्या कारखान्यात ते हिरे घासतात. सकाळी मी त्यांना घडलेली हकीकत सांगितली. त्यांनी दिव्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नवो लेवानी जरूर नथी. घसवुं पडशे." म्हणजे नवा घेण्याची गरज नाही, घासावा लागेल. घंटीवर आयुष्य घालवलेल्या माणसाचा शब्द मी मानला.

त्याआधी मी दंतमंजनाचा प्रयोग करून पाहिला होता, हेही कबूल करतो. ट्यूबमधली पेस्ट फडक्यावर घेऊन चोळली की दिवा चकचकीत होतो. पंधरा दिवस मलाही फार समाधान वाटले. काही लोक डास पळवण्याचे औषध चोळतात. त्यातले रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवते, दोन दिवस लखलखाट होतो आणि नंतर अवस्था पहिल्यापेक्षा वाईट. आमच्यातल्या कित्येक संजीवन सभांचे असेच होते. पण तो विषय आज नको.

शेजाऱ्यांनी दाखवलेली रीत अशी. प्रथम साबणाच्या पाण्याने दिवा धुवायचा. भोवतीच्या रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून कडेने चिकटपट्टी लावायची. मग पाणी सोडत सोडत आठशे नंबरचा पॉलिश पेपर घासायचा, त्यानंतर हजार, दोन हजार, शेवटी तीन हजार. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे पुरते गेले की नाही हे कळते. कागद कोरडा पडू द्यायचा नाही.

येथे मी घाबरलो. आठशे नंबरचा कागद फिरवल्यावर दिवा स्वच्छ झाला नाही, उलट आंधळा झाला. अगोदर निदान पिवळा उजेड येत होता, आता सगळे पांढरे, दुधासारखे. पाण्याबरोबर पिवळा गाळ खाली ओघळत होता. मी हात आखडता घेतला. शेजारी म्हणाले, "हवे अटकशो तो बगडशे." आता थांबलात तर बिघडेल.

मलाखी संदेष्ट्याने प्रभूच्या येण्याला रुपे गाळणाऱ्याच्या अग्नीची आणि परटाच्या खाराची उपमा दिली आहे. दोन्ही गोष्टी प्रथम वस्तूला बिघडवल्यासारख्याच दिसतात. पश्चात्तापाला आरंभ केला की माणूस पहिल्यापेक्षा वाईट दिसू लागतो. लपवलेले बाहेर येते, घरात वाद होतात, मंडळीत कुजबुज होते, आणि "उगीच हात घातला" असे वाटते. पुष्कळजण येथेच कागद खाली ठेवतात. मी स्वतः दोन वेळा ठेवला आहे. दिव्याबद्दल बोलत नाही.

आम्ही थांबलो नाही. तीन हजारानंतर पॉलिश लावून फडक्याने गोल गोल चोळले तेव्हा, दीड-दोन तासांच्या श्रमानंतर, आतला बल्ब स्पष्ट दिसला. मी हर्षाने मोटारीची किल्ली घ्यायला निघालो, तर शेजाऱ्यांनी अडवले. घासताना जुना लेप सगळा गेला होता. आता दिवा उघडा होता, उन्हापुढे पूर्वीपेक्षाही दुबळा. तसाच सोडला तर थोड्याच महिन्यांत पुन्हा पिवळा. म्हणून स्पिरिटने पुसून, सावलीत, धूळ नसलेल्या जागी, अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप त्यावर फवारला आणि दिवसभर गाडी हलवली नाही. घासणे माझ्या हाताचे होते. टिकवणारा लेप मला बाजारातून आणावा लागला, तो माझ्या मनगटातून निघाला नसता. रोमकरांस पत्राचा अभ्यास मी पदविकेसाठी केला होता. कृपेची गरज कोठे लागते, हे त्या दुपारी अधिक कळले.

दिवा नव्यासारखा झाला का? नाही. त्याच तपासणीत घासून सुधारलेल्या दिव्यांचा प्रकाश नव्याच्या सुमारे सत्तर टक्के भरला. आमच्या डाव्या दिव्याच्या आतल्या बाजूला दमटपणाचा एक डाग आहे. बाहेरून कितीही घासले तरी तो जाणार नाही. तो दिवा बदलायचा आहे, पैसे बाजूला टाकत आहे. जादा वॉटचे बल्ब त्याच दिवशी काढले.

जानेवारीत आम्ही दोघे पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. बरोबर प्रकाश पडला की चमकणाऱ्या लाल चिकटपट्टीच्या चार गुंडाळ्या नेल्या होत्या. तो गाडीवान भेटला नाही. त्याची टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेली होती. दुसऱ्या टोळीच्या सात गाड्या झोपड्यांपाशी सोडलेल्या होत्या. त्यांच्या मालकांना विचारून आम्ही प्रत्येकीच्या मागे पट्ट्या लावल्या. अंधार पडल्यावर मी मोटार मागे नेली आणि दिवे लावले. सात गाड्यांच्या चौदा लाल पट्ट्या एकदम उजळल्या. पोरे ओरडत धावत आली, आणि त्यांतल्या एका मुलीने स्वतःच्या पाठीवरही एक पट्टी लावून मागितली.