अट घातलेला रुपया

मुळशी तालुक्यातलं सूस २०२१च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत आलं. पाषाणकडून सूसखिंड ओलांडली की बांधकामं सुरू होतात. चहाच्या टपरीवर, भाजीच्या हातगाडीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. तरीही गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्या बाईला मजुरी रोख हवी असते. याला मागासलेपण म्हणण्याची घाई करू नये. मजुरीतले दोनशे रुपये तिने पोरीच्या वह्यांना दिले की दारुड्या नवऱ्याची नजर चुकवून पिठाच्या डब्यात ठेवले, हे मुकादमालाही कळत नाही आणि बँकेलाही. एवढीच तिची मोकळीक.

भांडण यूपीआयशी नाही. सुट्ट्या पैशांची कटकट त्याने संपवली, हे चांगलंच झालं. काळजी आहे ती डिजिटल रुपयाची. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ला मुंबईसह चार शहरांत सर्वसामान्यांसाठी त्याची चाचणी सुरू केली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये त्यात ‘प्रोग्रॅमेबिलिटी’ आणण्याचं जाहीर केलं. म्हणजे हा पैसा कशावर, कुठे आणि किती तारखेपर्यंत खर्चायचा, हे देणाऱ्याला आधीच ठरवून ठेवता येतं. ओडिशा आणि आंध्रात खंडाने शेती करणाऱ्यांना स्टेट बँकेने असं कर्ज देऊन पाहिलं. रत्नागिरीतल्या शेतकऱ्यांना इंडसइंड बँकेने कार्बन क्रेडिटचा मोबदला अशा रुपयात दिला.

कर्ज बी-बियाण्यांवरच खर्च व्हावं, हे समजू शकतं. पण घामाचा पैसा म्हणजे कर्ज नव्हे, अनुदानही नव्हे. आज मजुरीला अशी अट नाही. उद्या ती घालणं मात्र बटण दाबण्याइतकं सोपं असेल.

देणाऱ्याच्या अटीवरचा मोबदला महाराष्ट्राने भोगलेला आहे. बलुत्यात कष्टाचा मोबदला धान्यात मिळायचा; किती आणि केव्हा, ही देणाऱ्याची मर्जी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाबाबत विधेयक मांडलं, त्यात बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करण्याची तरतूद होती. रोख हाती आली की कुणाच्या ओसरीखाली ताटकळावं लागत नाही. पुढे १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चलनी नाण्या-नोटांतच द्यायचं बंधन घातलं. मालकाला मजुरीऐवजी आपल्या दुकानातला माल गळ्यात मारता येईना.

रोख म्हणजे काळा पैसा, असं अजूनही ऐकवलं जातं. पण २०१६च्या नोटाबंदीत रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के बँकांत परत आल्या. रोख हटवणंही सोपं नाही. त्याच वर्षी १ डिसेंबरला मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. पुढे तिथले व्यवहार पुन्हा रोखीवर आले.

रोखीतली मोकळीक म्हणजे खासगीपणा; आणि तो मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ला दिला. छोट्या व्यवहारांत ओळख उघड होऊ नये, हा विचार रिझर्व्ह बँकेनेही मांडला आहे. डिजिटल रुपया जरूर यावा. मात्र मजुरी, पेन्शन आणि बचतीच्या पैशावर खर्चाची अट घालता येणार नाही, आणि कोणत्याही सरकारी खिडकीवर रोख नाकारता येणार नाही, हे संसदेने आधी कायद्यात लिहावं.