आपली माणसे

लहान मूल बरोबर घेतले की प्रवासाची गती मंदावते, असे रोमला निघण्यापूर्वी आम्हांला अनेकांनी बजावले होते. ते खरे ठरले. परंतु आमची खरी अडचण तिच्या दमलेल्या पायांची नव्हती, तिच्या प्रश्नांची होती. सात वर्षांच्या मुलीला वास्तुशैलीशी वा शिल्पकाराच्या नावाशी काही कर्तव्य नसते. प्रत्येक भग्न भिंतीपुढे आमची कन्या एकच गोष्ट विचारी : ‘यातले आपले कोण?’

कलोसियममध्ये याचे उत्तर सोपे होते. सम्राट तीतसने इ. स. ८० मध्ये खुल्या केलेल्या त्या अजस्र रिंगणात सुमारे ५०,००० प्रेक्षक बसत. वर बसून पाहणारे ते परके आणि खाली रेतीवर मरणारे ते आपले, असे आम्ही तिला सांगून टाकले. (नेमक्या याच रिंगणात ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांनी देह ठेवल्याचा समकालीन पुरावा नाही. मात्र ६४ सालच्या आगीनंतर नीरोने रोममधील ख्रिस्ती लोकांचे केलेले हाल तासितस या ख्रिस्तीतर इतिहासकारानेच लिहून ठेवले आहेत.) उत्तम शुक्रवारी पोपमहोदयांच्या क्रुसाच्या वाटेची भक्ती येथेच होते, हेही तिला सांगितले. तिची मान ताठ झाली. आणि खरे सांगायचे तर आमचीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काम्पो दे फिओरी या चौकात गेलो. तेथे फळाफुलांचा बाजार भरतो. टोमॅटोच्या राशी आणि रंगीत छत्र्या यांच्या मधोमध उंच चौथऱ्यावर काळसर ब्राँझचा एक पुतळा उभा आहे. डोईवर संन्याशाची टोपी पुढे ओढलेली, हात एका ग्रंथावर एकमेकांत अडकवलेले, मुद्रा गंभीर. ‘हा बाबा रागावला आहे का?’ कन्येने विचारले. आम्ही म्हणालो, हा जोर्दानो ब्रूनो, एक डोमिनिकन संन्यासी. १७ फेब्रुवारी १६०० रोजी याच जागी त्याला जिवंत जाळण्यात आले.

‘कोणी जाळले?’

‘शिपायांनी.’

‘कोणाच्या शिपायांनी?’

आम्ही तिला चेरी घ्यायला शेजारच्या गाड्यावर नेले.

ते ‘शिपायांनी’ आम्हांला दिवसभर टोचत राहिले. कन्या तेव्हा प्रथम कम्युनियनची तयारी करीत होती आणि अर्धे सत्य हे पापनिवेदनात सांगण्याजोगे पाप आहे, असे आम्हीच तिला शिकवले होते. बरे, उत्तर सर्वस्वी असत्य नव्हते. रीतच तशी होती : धर्मन्यायपीठाने आरोपीस पाखंडी ठरवायचे आणि नागरी अधिकाऱ्याच्या स्वाधीन करायचे, चिता त्या अधिकाऱ्याने पेटवायची. अशा रीतीने धर्मपीठाचे हात स्वच्छ राहत. पण १६०० साली रोमचा राजा कोण होता? पोप आठवे क्लेमेंट. ते धर्मपीठही त्यांचे आणि तो अधिकारीही त्यांचाच. म्हणजे जी पळवाट त्या काळच्या न्यायाधीशांनी काढली, तीच चार शतकांनंतर आम्ही चेरीच्या गाड्यापाशी वापरली होती.

‘तो काळच तसा होता’ हे दुसरे उत्तर आमच्या ओठांवर तयार होते. वसई ही संत गोन्सालो गार्सिया यांची जन्मभूमी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. ब्रूनोच्या चितेला तेव्हा पुरती तीन वर्षे बाकी होती. ज्याच्या आज्ञेने हे घडले, त्या हिदेयोशीला ‘काळच तसा होता’ म्हणून आम्ही कधी सोडून दिले आहे काय? मिशनऱ्यांच्या मागोमाग परकीयांचे सैन्य येईल, ही त्याचीही भीती होतीच. मग एकाच काळाचे वजन एका पारड्यात टाकायचे आणि दुसऱ्यातून काढून घ्यायचे, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, पूर्वजांच्या पापाची शिक्षा नातवंडांना कशाला? आग आम्ही लावली नाही, हे मान्य. पण रेतीवर तरी आम्ही कोठे मेलो होतो? तरीही तेथे मान ताठ केलीच. बापाची वाडी नावावर करून घ्यायची आणि तिच्यावरचे सोसायटीचे कर्ज मात्र बापाबरोबर गेले म्हणायचे, असा व्यवहार आमच्या गावात कोणी चालू देणार नाही.

मुलाची श्रद्धा कोवळी असते, तिला एवढ्यात धक्का नको, असे आमच्या कुटुंबातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. ते आम्ही हसण्यावारी नेत नाही. शिवाय आपल्याच पूर्वजांना चारचौघांत फटके मारून स्वतःचे मोठेपण मिरवण्याची एक नवी हौस आली आहे. तिचाही आम्हांला तिटकारा आहे. ब्रूनोची सारी मते आम्हांला पटतात असेही नाही. ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य यांविषयीच्या त्याच्या शंका कोणत्याही श्रद्धावंताला न पटणाऱ्याच आहेत. परंतु उद्या हीच मुलगी जुन्या गोव्याला जाईल. संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन घेईल. १५६० ते १८१२ या काळात तेथेही हेच न्यायपीठ बसत असे, हे तिला कोणा परक्याने हिणवून सांगावे, की आम्ही?

या बाबतीत पोप दुसरे जॉन पॉल आमच्यापेक्षा धीट निघाले. १२ मार्च २००० रोजी संत पेत्र महामंदिरात, साऱ्या जगासमक्ष, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या सेवेसाठी शुभवर्तमानाला न शोभणारी साधने वापरली, याबद्दल त्यांनी देवाजवळ क्षमा मागितली. नातवंडांना हे ऐकवू नये, असे त्या वृद्ध, थकलेल्या माणसाला वाटले नाही.

त्या रात्री खोलीवर रोझरी झाल्यावर आम्ही तिला सांगितले, ‘सकाळी आम्ही पुरते उत्तर दिले नाही. त्या बाबाला आपल्याच माणसांनी जाळले. ते चुकले.’ ती रडली नाही, की तिच्या श्रद्धेला तडा गेल्याचेही काही दिसले नाही. बराच वेळ ती छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘त्याचा बाप्तिस्मा झाला होता का?’

झाला होता, तो धर्मगुरूही होता, असे आम्ही सांगितले.

‘मग तोही आपलाच ना!’

जाळणाऱ्यांना आपले म्हणण्याचे धैर्य गोळा करण्यात आमचा दिवस गेला होता. जळालेल्याला तसे म्हणणे मात्र आमच्या मनातही आले नव्हते. दुसऱ्या दिवशी संत पेत्र महामंदिराकडे जाताना तिने हट्ट धरला, म्हणून आम्ही पुन्हा त्या बाजारावरून गेलो.