विकासासाठी पक्षांतर

निवडणुकीच्या तोंडावरचे पक्षप्रवेश वाचकांनी पाहिलेच आहेत. गळ्यात नवे उपरणे, हातात पुष्पगुच्छ आणि ओठांवर तेच वाक्य : "मतदारसंघाच्या विकासासाठी निर्णय घेतला." अन्याय झाला, घुसमट होत होती, कार्यकर्त्यांचा आग्रह होता, या सबबी सोडून देता येतील. विकासाची सबब सोडता येत नाही.

तिचा सरळ अर्थ असा, की सरकारी तिजोरीतला पैसा गावाची गरज पाहून नव्हे, तर आमदाराचा पक्ष पाहून मिळतो. म्हणजे हा नव्या पक्षावरचाच गंभीर आरोप झाला, तोही त्याच पक्षाच्या व्यासपीठावरून, नेत्यांच्या देखत केलेला. त्यावर एकही नेता उठून सांगत नाही, की तू तिकडेच राहिलास तरी तुझ्या पाड्यावर पाणी येईल. आमदाराचा वर्षाचा ५ कोटींचा स्थानिक विकास निधी विरोधी बाकांवरच्यालाही मिळतो. त्यापलीकडचा निधी वाटताना दुजाभाव होत असेल, तर त्याविरुद्ध सभागृहात भांडायला हवे. भांडण्याऐवजी त्याच रांगेत जाऊन उभे राहायचे आणि त्याला जनसेवा म्हणायचे, हे मतदाराला गृहीत धरणे आहे.

इगतपुरीचेच पाहा. निर्मला गावित २००९ आणि २०१४ मध्ये काँग्रेसच्या आमदार झाल्या, २०१९ मध्ये शिवसेनेकडून लढल्या आणि हरल्या. त्यांना हरवणारे काँग्रेसचे हिरामण खोसकर २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले आणि जिंकले. चिन्हे बदलली. वैतरणेचे पाणी मुंबईला जातच राहिले आणि इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणेही चालूच राहिले.

कायदा इथे फारसा कामाचा नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची सवलत गेली. पण आमदारकी सोडून दुसऱ्या चिन्हावर उभे राहणाऱ्याला कायदा अडवत नाही, आणि अडवूही नये. माणसाचे मत बदलू शकते.

प्रश्न पक्षांच्या दाराचा आहे. रात्री प्रवेश, सकाळी एबी फॉर्म! आधीच्या जाहीरनाम्यातले कोणते वचन आता मान्य नाही, एवढे तरी विचारावे, हा या स्तंभाचा जुना हट्ट. जाहीरनाम्याची आठवण काढली की नेते हसतात. हसोत बापडे.

मतदाराला दोष देणे सोपे आहे. इगतपुरीने एक पक्षांतर नाकारले, दुसरे स्वीकारले, दोन्ही त्याचा अधिकार. पण वर्षानुवर्षे पत्रके वाटणाऱ्या, बूथवर दिवसभर बसणाऱ्या कार्यकर्त्याला डावलून काल आलेल्याला उमेदवारी का दिली, याचे उत्तर जिल्हाध्यक्षांनी त्या कार्यकर्त्यासमोर बसून द्यावे.