बाकी काही म्हणा, शिस्त होती!

एका शाळेच्या फळ्यावरचा सुविचार एव्हाना तुमच्याही मोबाइलवर आला असेल. खाली नाव हिटलरचं. सुविचाराच्या फळ्यांवर माझा जुना राग आहे, कुणाचंही वाक्य तिथे कुणाच्याही नावावर खपतं. पण संताप आला तो नंतरच्या समर्थनाचा. पेठेत चहाच्या टपरीवर चांगली शिकलेली माणसं म्हणाली, "बाकी काही म्हणा, शिस्त होती!"

बाकी काही? एकट्या आउशवित्झच्या छळछावणीत ११ लाखांच्या आसपास माणसं मारली, त्यांतले सुमारे १० लाख ज्यू. हे ज्यांना 'बाकी' वाटतं त्यांनी ती शिस्तही नीट बघावी. जुलै १९४० मध्ये तिथून एक कैदी पळाला, म्हणून उरलेल्या सगळ्यांना हजेरीला उभं केलं, ते सुमारे २० तास. माणसाच्या हातावर नंबर गोंदायचा, गॅसने मारायचं आणि बायकांचे कापलेले केससुद्धा पोत्यांत भरून विकायचे. लाल सैन्य आलं तेव्हा गोदामात सुमारे ७ टन केस पडून होते. मग बर्गन-बेल्सनच्या छावणीत ही शिस्त कुठे गेली? १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश फौज आत शिरली, तेव्हा सुमारे ६० हजार कैदी भुकेने आणि टायफसने खंगलेले आणि हजारो प्रेतं उघड्यावर. पाणीसुद्धा धड नव्हतं. सुटका झाल्यावरही जवळपास १४ हजार माणसं दगावली.

आणि एवढा शिस्तीचा अभिमान होता, तर रशियन जवळ येताच आउशवित्झमधली कागदपत्रं का जाळली? प्रेतं जाळायच्या भट्ट्या सुरुंगाने का उडवल्या? सुमारे ६० हजार कैद्यांना जानेवारीच्या बर्फातून का हाकललं? २७ जानेवारी १९४५ ला छावणीत जेमतेम ७ हजार उरले होते. काय केलं हे करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नाही ते आपल्या फळेवाल्यांना.

'आपला काय संबंध' म्हणणाऱ्यांनी अलिबागकडचे शनिवार तेली आठवावेत. घरात मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ज्यू युरोपात असते, तर त्यांचीही रवानगी याच छावण्यांत झाली असती.

शिस्त शिवनेरीच्या मुलखात तरी आपल्याला परक्याकडून शिकावी लागू नये. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, ही शिवरायांची ताकीद अंमलदारांना होती. ज्याच्या हातात बळ आहे त्याला आवरते ती शिस्त. दुबळ्याला रांगेत उभं करून मारणं हा खून आहे, रांग कितीही सरळ असो.

हे ऐकून टपरीवरची किती माणसं बदलतील, सांगता येत नाही. मुलं बदलतील. अ‍ॅन फ्रँक ही ज्यू मुलगी बेल्सनमध्ये १५ व्या वर्षी मेली, सुटकेच्या थोडेच आठवडे आधी. तिची डायरी मराठीत मिळते. शिक्षकहो, सुविचार राहू द्या, ती वर्गात वाचून दाखवा.