रोग्याची मुखत्यारी

दुर्धर रोगापुढे माणूस ताठ मानेने उभा राहतो हे दाखविण्याची जी रीत आपल्या कथालेखनात रूढ झाली आहे, तिच्यात रोग हा शत्रू, रुग्णालय हे रणांगण आणि बरे होणे हा विजय असे समीकरण गृहीत धरलेले असते. आणि त्याचा अपरिहार्य परिणाम असा, की जो वाचला तो शूर आणि जो गेला तो कोठेतरी कमी पडला, हा निवाडा कथेच्या अखेरीस आपोआप रुजू होतो. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. पेशींच्या अनिर्बंध वाढीवर मनोधैर्याचा अंमल चालत नाही, आणि जे रोग्याच्या अखत्यारीतच नाही त्यावरून त्याची परीक्षा घेणे कथाकाराला शोभत नाही.

मग प्रतिकार शोधावा कोठे? माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी केलेल्या ‘श्वास’ (२००४) या चित्रपटात मला त्याचे सर्वांत नितळ उत्तर सापडते. कोकणातल्या लहानग्या परशुरामाच्या दृष्टिपटलाला कर्करोग झाला आहे. बालवयात जडणारा हा रोग मज्जातंतूवाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. म्हणून शस्त्रक्रिया करावी तर दृष्टी जाते आणि न करावी तर प्राण. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला तिची कल्पना दिलीच पाहिजे हा दंडक, आणि ती कल्पना त्या पोराला द्यायची कोणी, तर ज्याच्या बोटाला धरून ते शहरात आले त्या आजोबांनी. पुढे शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, आणि त्या अनपेक्षित मुदतीत आजोबा कोणाचीही परवानगी न घेता नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. इकडे शोधाशोध, गोंधळ, डॉक्टर सान्यांचा संताप. तिकडे आजोबा नातवाला शहर दाखवीत हिंडत आहेत, कारण जे पाहावयाचे ते आजच पाहून घ्यावयाचे आहे. मग दोघे परत येतात.

हे परत येणे मला निघून जाण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. आजोबांनी उपचार नाकारलेला नाही, वैद्यकाला खोटे ठरविलेले नाही. शस्त्रक्रियेला त्यांनी मान तुकविली आहे. परंतु तिच्या आधीच्या काही तासांवर मुखत्यारी कोणाची, या एकाच मुद्द्यावर ते रुग्णालयाचा हुकूम मानीत नाहीत. डॉक्टरांचा रागही अनाठायी नाही. पोराचे काही बरेवाईट झाले असते तर जाब त्यांनाच द्यावा लागला असता. खलनायक नाही, चमत्कार नाही, दृष्टीही अखेर जातेच. तरीही या एवढ्याशा बंडाच्या बळावर उभा राहिलेला हा चित्रपट ‘श्यामची आई’नंतर सुवर्णकमळ मिळविणारा पहिला मराठी चित्रपट ठरला, याचा आपल्या कथाकारांनी अवश्य विचार करावा.

आपल्याकडे फार वाचल्या गेलेल्या ओ. हेन्रीच्या ‘शेवटचे पान’ या कथेत आजारी जॉन्सी वेलीची पाने मोजीत पडून असते आणि तिच्यासाठी भिंतीवर पान रंगविणारा वृद्ध चित्रकार न्यूमोनियाने मरतो. कथा हृद्य आहे, पण तिच्यात कृती सारी दुसऱ्याची, रोग्याच्या वाट्याला फक्त वाचणे. चेकॉव्ह, जो स्वतः वैद्य होता आणि स्वतः क्षयरोगी, अधिक खोल पाहतो: ‘गुसेव्ह’मध्ये जहाजावरच्या आजाऱ्यांत पावेल इवानिच हा साऱ्या व्यवस्थेविरुद्ध तारस्वरात निषेध करीत, आपली प्रकृती सुधारत आहे असे मानीत, मरून जातो. चेकॉव्ह त्याची टवाळी करीत नाही, आणि त्याला वीरही ठरवीत नाही.

पुण्यात राहून या विषयावर लिहिताना १८९७ चा प्लेग टाळता येत नाही. त्या साथीत सरकारी बंदोबस्ताने गोरे शिपाई घरात शिरून रोग्यांना बाहेर काढीत. मुंढव्याहून एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचविणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी त्याच रोगाने गेल्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर या बंदोबस्ताचा प्रमुख रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. सावित्रीबाईंची सेवा आणि चापेकरांचे धाडस यांची नोंद इतिहासाने ठेवली, आणि ती ठेवणे यथायोग्यच होते. पण ज्याला अंथरुणासकट उचलले त्याला जाण्यापूर्वी घरातले काय पाहून घ्यावयाचे होते, कोणाशी दोन शब्द बोलावयाचे होते, ही कैफियत कोणत्या दप्तरात सापडणार? ती लिहिण्याचे काम कथेचेच आहे, कारण तिला एका दुपारीहून अधिक अवकाश लागत नाही.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला दरवर्षी हे हक्काचे घर लाभले आहे. पुढच्या अंकासाठी रोग्याची कथा लिहावयास बसणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की तो बरा झाला की नाही हे वाटल्यास सांगू नका. पण दोन तपासण्यांमधला जो वेळ त्याच्या हाती होता तो त्याने कसा घालविला, हे मात्र सविस्तर लिहा.