पांढरे डोके

कार्तिक लागला की मढच्या किनाऱ्यावर कुरव येतात आणि मासळी घेऊन परतणाऱ्या होड्यांच्या मागे लागतात. एका वर्षी मी वर्गाला त्यांचे चित्र काढायला सांगितले. एका कोळ्याच्या मुलीने डोके पांढरे ठेवून डोळ्यामागे नुसता एक गडद ठिपका दिला. माझ्याजवळच्या पुस्तकातल्या कुरवाचे डोके तपकिरी होते. मी दहापैकी चार गुण दिले.

"गुरुजी, आमच्या होडीमागं येतो तो असाच असतो," ती म्हणाली. मी पुस्तक दाखवले. पुस्तकापुढे पोर काय बोलणार?

पुढे एकदा चित्राखालचा मजकूर वाचला, तेव्हा कळले. तपकिरी डोके विणीच्या दिवसांतले; लडाख-तिबेटातल्या सरोवरांकाठी हा पक्षी अंडी घालतो तेव्हाचे. थंडीत ते पांढरे होते, ठिपका तेवढा उरतो. चित्रकाराने पक्ष्याचा लग्नाचा पोशाख काढला होता, मुलीने रोजचा. (आपल्या घरच्या भिंतींवरचे फोटोही लग्नातलेच असतात म्हणा!)

मग माझी चूक कोणती? ठाऊक नव्हते, ही नव्हे. मास्तराला सगळे ठाऊक असते असे कोण म्हणतो? पण खिडकीबाहेर समुद्र होता आणि मी उठून पाहिले नाही. डोळ्यांनी पाहिलेले छापलेल्यापुढे खोटे, असे मी तिला शिकवले. आणि त्याचा मला पगार मिळत होता.

गुण वाढवून द्यावेत म्हणून मी तिची वही मागितली. त्या डोक्यावर तिने केव्हाच तपकिरी रंग फासला होता.