पाक पाणी आणि शेजाऱ्याचा हक्क

ईद जवळ आली किंवा घरात निकाह ठरला की आपल्या मोहल्ल्यांत घरे बाहेरून धुतली जातात. भिंतीवरचे शेवाळ घासले जाते, जुना चुना व रंग खरवडला जातो, पायऱ्यांवर सोड्याचे, ब्लीचिंग पावडरचे किंवा अ‍ॅसिडचे पाणी ओतले जाते. स्वच्छता ही इस्लामची शिकवण आहे, म्हणून हे काम प्रशंसनीयच होय. परंतु माझ्या भिंतीची घाण घेऊन गेलेले पाणी पुढे कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो.

गल्लीतील नाली ओढ्यात जाते, ओढा नदीत. जिंतूर तालुक्यातील येलदरी धरण ज्या पूर्णेवर आहे, ती पूर्णा गंगाखेडवरून आलेल्या गोदावरीला आपल्याच परभणी जिल्ह्यात मिळते आणि दोघींचे पाणी पुढे नांदेडकडे जाते. काठावर राहणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी वरच्या अंगाला राहतो.

यावर एखादा जाणकार म्हणेल, “साबणाचे पाणी नजिस नाही. नापाकी पडली तरी वाहते पाणी रंग, चव किंवा वास बदलेपर्यंत पाकच राहते. मग हरकत कसली?” फिकहचा हा नियम अगदी बरोबर आहे. मात्र तो एका प्रश्नाचे उत्तर आहे: या पाण्याने वुजू होईल काय? त्यामुळे कोणाला इजा झाली काय, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला तहारतचा, दुसरा हुकूकुल इबादचा, म्हणजे लोकांच्या हक्कांचा. पहिल्यातून सुटलेला मनुष्य दुसऱ्यातून आपोआप सुटत नाही.

उदाहरण शिशाचे घ्या. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत 90 भाग ही मर्यादा 2017 पासून लागू झाली; त्याआधीचे थर आजही अनेक दारांवर आहेत. पाण्यात उतरलेले शिसे ना रंग बदलते, ना चव, ना वास. तरीही ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. ब्लीचिंग पावडरमधील क्लोरीन व साबण माशांचे कल्ले जाळतात. धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर तळ्यात शेवाळ माजते. ते कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू संपतो. वुजूला योग्य असलेले पाणीही असे घातक असू शकते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास मनाई केली. पाणवठ्यावर, रस्त्यावर आणि सावलीच्या जागी शौच करणे हे शापास पात्र कृत्य ठरवले; कारण या तिन्ही जागा सर्वांच्या आहेत. मदीनेत ओढ्याच्या पाण्यावरून वाद झाला, तेव्हा वरच्या अंगाला बाग असलेल्या हजरत जुबैर (रजि.) यांना आपली झाडे भिजवून पाणी शेजाऱ्याकडे सोडण्यास सांगितले. वरच्याला आधी वापरण्याचा हक्क आहे. खालच्याचे पाणी बिघडवण्याचा नाही. आपल्या फुकहांनी तर विहिरीभोवती ‘हरीम’ म्हणजे राखीव जागा ठरवून दिली आहे.

“माझ्या एका बादलीने नदी थोडीच बिघडते?” असे वाटत असेल, तर बुखारीतील जहाजाचे उदाहरण आठवा. खालच्या मजल्यावरील लोकांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच हिश्श्यात छिद्र पाडण्याचा विचार केला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. तरी त्यांना अडवले नाही तर सर्वच बुडतील, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. चांगला हेतू आणि ‘माझा हिस्सा’ या दोन्हींनी छिद्र बुजत नाही.

मग घर धुवायचे कसे? आधी कोरड्या कुंच्याने झाडावे. रंग वा चुना खरवडताना खाली ताडपत्री अंथरावी आणि पडलेला चुरा कचऱ्यात द्यावा. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये. ओला करून काढावा, मुलांना दूर ठेवावे. उरलेले काम बादली, फडके आणि साधे पाणी यांनी बहुतेक होते. साबण लागलाच तर थोडा वापरावा आणि ते पाणी नालीत न सोडता, विहीर व ओढ्यापासून दूर, मोकळ्या मातीत सावकाश जिरू द्यावे. साध्या साबणाची घाण माती बरीचशी अडवते. अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर काठावरच्या घरी नकोच, आणि ही दोन एकत्र तर कधीच करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो. पावसाची चिन्हे असतील तर काम पुढे ढकलावे.

पाइप सोडून भिंतीवर पाणी उधळणे हाही इस्राफ आहे. एक मुद्द, म्हणजे लिटरहूनही कमी पाण्यात वुजू करणाऱ्या प्रेषितांची (स.) आपण उम्मत आहोत. 2016 च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाड्याने तरी विसरू नये.

शेजारी म्हणजे केवळ भिंतीला भिंत लागलेला नव्हे. आपले पाणी ज्याच्या घागरीत जाते, तोही शेजारीच. मग तो कोणत्याही धर्माचा असो. अल्लाह आपली घरे स्वच्छ ठेवो आणि आपल्या स्वच्छतेच्या इजेपासून इतरांना सुरक्षित ठेवो. आमीन.